डाव्या हाताची रापी

रत्नागिरी,
रविवार, ता. १२ नोव्हेंबर १९३३

तीर्थरूप जनीआक्का हीस धाकट्या काशीरामाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. रावजीभावजींसही नमस्कार. इथं आम्ही बापलेक बरे आहोत, म्हणजे बाबा आहे तसाच आहे आणि मी स्वतःच्या हातचं खाऊन थोडा बारीक झालो आहे. मालगुंडास तुम्ही सगळी खुशाल असाल.

भावजी, पत्र तुम्हीच आक्काला वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. एक विनंती करतो. आधी मनात वाचून मग थोडक्यात सांगू नका. जसं लिहिलंय तसं मोठ्यानं वाचत जा. मधे कुठंतरी थांबावंसं वाटेल, तिथंही थांबू नका.

आक्का, भाऊबीजेला मी आलो नाही. पाट मांडून, ताट करून तू दिवेलागणीपर्यंत वाट पाहिलीस असं तिकडून परतल्यावर केरूतात्या सांगत होता. "बाबाला टाकून कसा येऊ" असा निरोप मी त्याच्याकडे दिला होता, तो खोटा होता. बाबाजवळ बसायला शेजारची सावित्रीकाकू आपणहून तयार होती. का आलो नाही ते पुढं येईलच. आधी हत्यारांचं सांगतो, ते मला सोपं जातं.

भाद्रपदात आगबोटीतून उतरलो तेव्हा माझ्या ट्रंकेत काय होतं ते तुला कळलं तर तू हसशील. आठ वर्षं मी मुंबईला दुकानात बूट विकले. गिऱ्हाइकांच्या पायांत चढवले, नाड्या बांधल्या, "साहेब, कसा शोभतो बघा" म्हटलं. टाका मात्र एक घातला नाही. तरी बाबाचा हात गेल्याचं पत्र आलं तेव्हा म्हटलं, आता आपल्याला बसायचंय तर हत्यारं तरी झोकात पाहिजेत. एकोणीस नग घेतले. चामड्यावर फुलं उठवायचे ठसे, दोन तऱ्हेच्या कात्र्या, पितळी मुठीची आरी, आणि भोकं पाडायचं एक यंत्र, जे कसं धरायचं ते मला अजून कळलेलं नाही. सगळं ओटीवर बाबापुढं ओळीनं मांडलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

बाबानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. अर्धांग झाल्यापासून तो एकाच गालानं हसतो. तेवढं हसला आणि उजव्या हाताची चार बोटं वर केली. शब्द जड येतात त्याचे, पण कळतात. म्हणाला, "चार. सुरवातीला चारच. बाकीची म्हातारपनी."

मग आपली लाकडी पेटी पुढं ओढायला लावली आणि म्हणाला, "निवड."

अख्खी सकाळ त्यात गेली. मी एक उचलायचा आणि बाबा पायानं बाजूला सारायचा. मी कात्री उचलली, सारली. लाकडी फर्मा उचलला, सारला. दाभणांचा जुडगा सारला. शेवटी चटईवर चारच वस्तू राहिल्या. रापी, आरी, हातोडी आणि धार लावायची काळी पाथर. मी म्हटलं, एवढ्यावर वहाण होते? बाबानं मान हलवली. रापी कापते आणि सोलते, आरी भोक पाडते आणि त्याच भोकातून दोरा ओढून आणते, हातोडी टाका दाबून बसवते, आणि पाथर रापीला उपाशी ठेवत नाही. आक्का, तुला हे नवीन नाही. मी मात्र त्या चौघांकडे बघतच राहिलो. ज्या घरात जन्मलो त्या घराचं पोट एवढ्याशा चार वस्तूंवर चालत होतं आणि मी त्यांना कधी नीट पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बसलो. बाबानं कातड्याचे तुकडे दिले आणि नुसत्या सरळ रेघा कापायला सांगितल्या. एक रेघ सरळ येईना. रापी हातात धरली की ती हटकून बाहेरच्या बाजूला पळायची. बोटं कापली, गुडघा कापला, एकदा चटईच कापली. महिनाभर हेच. बाबा भिंतीला टेकून नुसता बघायचा. मला वाटे, लाज वाटत असेल त्याला माझी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी रापी उजेडात धरून पाहिली. तिची धार सरळ नव्हतीच. एक कोपरा झिजून उतरलेला. म्हटलं, सापडलं. हत्यारच बिघडलंय, माझा दोष नाही. पाथरीवर पाणी घातलं आणि दुसरा कोपरा घासून धार सरळ करायला बसलो.

चार-पाच हात मारले असतील. मागून सरपटल्याचा आवाज आला. बाबा भिंत सोडून आला होता. स्वतःहून कुशीवर वळता येत नाही ज्याला, तो ओटीच्या त्या टोकापासून या टोकाला आला. उजव्या हातानं माझं मनगट असं धरलं की रापी पडली. म्हणाला, "नको. ती तुजी नाय."

मी म्हटलं, "मग कोणाची?"

तो म्हणाला, "पेटीतला जोड आन."

इथवर लिहून मी मघाशी उठलो होतो. विहिरीवर गेलो, पाणी भरलं, बाबाला पेज पाजली. आता परत बसलोय. आक्का, कुठला जोड ते तुला सांगायला नको. सांगायचं आहे ते भावजींना.

भावजी, रिवाज तुम्हालाही माहीत आहे. पोरानं केलेला पहिला जोड कोणी पायात घालायचा नाही. तो जपून ठेवायचा आणि दरसाल दसऱ्याला हत्यारांपुढं मांडायचा. आमच्या घरी तसा एक लहानसा जोड आहे. तो मी अकराव्या वर्षी केला म्हणून बाबा दरसाल मांडतो आणि नारळ माझ्या हातात देतो; मुंबईहूनही दसऱ्याला मी येतच असे. लोक म्हणतात, बापाचाच हात घेतलाय पोरानं.

तो जोड मी केलेला नाही. तो तुमच्या बायकोनं केला.

तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मी शाळेला जायचो ती वाट सगळी कातळाची. उन्हात पाय भाजायचे, मी रडत घरी यायचो. बाबा कामाला बाहेर गेला की दुपारी ही परड्यामागं बसून रापी चालवायची. बायांनी झाडाची साल कुटावी, कातडं भिजवावं, रंग द्यावा, पण रापीला हात लावू नये, हे तिला माहीत होतं. त्यावरून आईचा मार खाल्ला होता. डाव्या हातानं जेवते म्हणून मार खाल्ला तो वेगळाच. तरी तिनं जोड पुरा केला. माझ्यासाठी, माझ्या पायांच्या मापानं.

वाडीतली चार माणसं ओटीवर होती तेव्हा बाबाला तो जोड कोनाड्यात सापडला. "कोनी केला?" म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मी." का म्हटलं ते आजही मला नीट सांगता येत नाही. आक्काला मार बसेल म्हणून म्हटलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. माणसं कौतुकानं बघत होती आणि मला ते कौतुक हवं होतं. आक्का दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन चूल फुंकायला लागली. आजवर एक शब्द बोलली नाही ती. तुमच्याशीही बोलली नसेल.

म्हणून मी मुंबईला पळालो, भावजी. नोकरीची हौस वगैरे काही नव्हती. बाबा म्हणणार, बस आता पेटीवर, आणि पहिल्याच टाक्याला सगळं उघडं पडणार, त्या भीतीनं गेलो.

तर मी जोड आणला. बाबानं तो मांडीवर घेतला. डोळे मिटले आणि उजवा अंगठा शिवणीवरून फिरवला, टाचेपासून बोटांपर्यंत, एकेका टाक्यावर थांबत. मग म्हणाला, "जनीचा हात."

त्यानं जोड माझ्यापुढं धरला, तिरीप पडेल असा, आणि पहिल्यांदा मी ती शिवण पाहिली. आक्का, सोळा वर्षं मी त्या जोडापुढं नारळ फोडला आणि एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. तुझे सगळे टाके डाव्या अंगाला झुकलेत. एकूण एक, सारख्या अंतरानं, सारख्या ओढीनं. बाबाचे टाके तसेच झुकतात, तोही डावरा. मी उजव्या हाताचा. एवढं उघड होतं ते. चौदा वर्षांची पोर, चोरून बसलेली, कुणी येतंय का म्हणून एक कान दाराकडे, आणि टाका कुठं हललेला नाही. मुंबईत विलायती बूट माझ्या हातांतून गेले, अशी शिवण मी पाहिली नाही. असल्या हाताच्या शेजारी मी जेवलो, खेळलो, भांडलो, आणि मला पत्ता नव्हता.

मी विचारलं, "तुला कधी कळलं?" बाबा म्हणाला, "त्याच दिशी." मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "पोरगी परक्या घरी जानार. पेटी घरात ऱ्हावी वाटली." आणि रडला. आई गेली तेव्हासुद्धा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

रापीची धार बिघडलेली नव्हती. चाळीस वर्षं डाव्या हातानं चालून ती डाव्या हाताची झाली आहे. मी तिचं वाटोळंच करणार होतो. थोडी घासली गेलीच आहे, त्याची क्षमा कर.

आता भाऊबीजेचं. रिकाम्या हातानं तुझ्यासमोर पाटावर कसा बसू, हे मला सुचेना. लुगडं घेतलं होतं. ते ताटात टाकून तुझ्या तोंडाला पानं पुसणं मला जमेना, म्हणून आलो नाही. ओवाळणी आज केरूतात्याबरोबर पाठवतो. फडक्यात रापी, आरी, हातोडी आणि पाथर आहे. चारच. बाबानं स्वतः गाठ मारली, एका हातानं आणि दातांनी. आरीच्या मुठीला खालच्या अंगाला एक लहानशी खाच आहे, बाबाच्या अंगठ्याला ती लागत नाही. ती कशाची म्हणून विचारलं तर म्हणाला, तू सहा वर्षांची असताना त्यानं तुझ्या अंगठ्यासाठी कोरली होती.

भावजी, तुम्ही स्वतः कसबी माणूस, तुमच्या घरात मी बोलणारा कोण. तरी मागतो. पत्र संपलं की ती गाठ तुम्ही सोडा आणि रापी तुमच्या हातानं तिच्या डाव्या हातात द्या. लोक काय म्हणतील ते म्हणोत. जमत असेल तर देवदिवाळी झाली की तिला घेऊन पंधरा दिवस इथं या. बाबाला तिला ओटीवर बसून कापताना बघायचंय. दुसरं काही तो मागत नाही आणि फार दिवस मागेल असं मला वाटत नाही. येणं नाहीच जमलं तर तसा निरोप द्या, मी रागावणार नाही. हत्यारं मात्र परत पाठवू नका, ती आमची नाहीत.

मी साल कुटतो, कातडी भिजवतो. माझी पितळी आरी आहे, उजव्या हाताची एक रापी इथं करून घेतली आहे. आक्का शिकवील तर तिच्यासमोर बसेन.

यंदाच्या दसऱ्याला नारळ मी घेतला नाही. त्या दिवशी बूट ट्रंकेत टाकले ते टाकले. सोबतच्या कागदावर दोन्ही पावलं ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली आहे. अकराव्या वर्षीच्या मापाचा जोड आता मला येणार नाही. तुझ्या सवडीनं कर, घाई नाही. वाट कातळाचीच आहे अजून, पण मी आता रडत नाही.

तुझ्या हातच्या वहाणा अजून पायात न घातलेला,
तुझा अनवाणी भाऊ
काशीराम