डाव्या हाताचा उशीर

प्रिय दादा,

तुझा फोन ठेवल्यापासून तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतेय. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, नसांचा आहे, हळूहळू वाढणारा आहे, आता तरी दारूच्या नावाने बोटं मोडणं बंद करा, असं तू म्हणालास. आणि लगेच म्हणालास, वहिनीला हे पटलेलं नाही. हात आधी गेला की बाटली आधी आली, ते डॉक्टरांना सांगता येत नाही, तुला नीट आठवत नाही, आणि ती काही लेकीला घेऊन बहिणीच्या घरून परतायला तयार नाही. मी नुसतं हं हं केलं. तुला वाटलं असेल, हिलाही पटलं नाही. तसं नव्हतं रे.

आपण दोघांनी मिळून काम केलं त्या व्हिडिओ गेमबद्दल लिहायचंय. तू ड्रम वाजवायचास आणि तुझा ठोका मी खेळणाऱ्याच्या तळहातात पोचवायचा, असं आपलं काम. आई सगळ्यांना सांगायची, मोठा बडवतो, धाकटी थरथरवते, आणि दोघं मिळून त्याला नोकरी म्हणतात. तुला मी कितीदा समजावलं होतं, खेळणाऱ्याच्या हातातल्या कंट्रोलरच्या पोटात दोन मोटरी असतात, डावीकडची जड, उजवीकडची हलकी. मोटर म्हणजे काही दिवा नव्हे, बटण दाबलं की लागला. तिला वेग घ्यायला जरासा वेळ लागतो, म्हणून हुकूम आवाजाच्या आधी सोडावा लागतो. तू जांभया द्यायचास. तुझ्या डाव्या हाताचे ठोके डाव्या मोटरीला, उजव्याचे उजवीला, एवढंच तुझ्या लक्षात राहिलं आणि तेवढंच तुला आवडलं.

तुझ्या वादनाचे पहिले तीन तुकडे लोण्यासारखे गेले. चौथ्यापासून डाव्या बाजूचा कंप लंगडायला लागला. आवाज एकीकडे, थरथर दुसरीकडे. मी सगळं खापर मोटरीवर फोडलं. तीन कंट्रोलर उघडून टाकले, सुटे भाग आणणाऱ्या बिचाऱ्याला चार शब्द सुनावले, त्याने निमूटपणे चौथा आणून दिला. तोही तसाच. मग एका सकाळी वैतागून तुझ्या ठोक्यांच्या आवाजाची आकृती संगणकाच्या पडद्यावर मोठी करून पाहिली. मोटर आपल्या जागी होती. तुझा डावा हात उशिरा पडत होता.

मला आधी का दिसलं नाही सांगू? सगळे कंप आवाजावर बसवतात. मी तुझे कंप मात्रेवर बसवले होते, म्हणजे ठोका जिथे पडायला हवा तिथे. तुझा ठोका तिथेच पडतो, हे मी सातवीत असल्यापासून धरून चालले होते. तपासायची गरजच वाटली नाही. चौथ्या तुकड्यात सेकंदाचे वीस सहस्रांश उशीर होता, पुढच्यात पस्तीस, शेवटच्यात साठ. फक्त डावीकडे. उजवा हात अगदी चोख.

आणि मी काय केलं, तर ते ठोके एकेक करून ओढून जागेवर नेले. चारशे बारा ठोके. गेम द्यायची तारीख डोक्यावर होती, तुझ्या नाकावर सदा राग, आणि लेक लहान म्हणून तुझी झोप होत नसेल असं मी स्वतःला समजावलं. शेवटचं ऐकायला तू आलास, कंट्रोलर हातात घेऊन डोळे मिटून बसलास. मग विचारलंस, डावा हात कुठे सैल वाटतो का गं. तू विचारलं होतंस दादा. मी म्हटलं, घड्याळ लावून घ्यावं असा आहे. तू खूश झालास आणि त्याच आठवड्यात बँडच्या दौऱ्याला हो म्हणालास.

रंगमंचावर ठोके ओढून द्यायला मी नव्हते. तिसऱ्या कार्यक्रमानंतर गिटारवाल्याने सगळ्यांदेखत म्हटलं की हा पिऊन वाजवतो. तेव्हा तू पीत नव्हतास. दौऱ्यातून काढून टाकल्यावर, घरी रिकामा बसल्यावर प्यायला लागलास. आणि लेकीच्या वाढदिवसाला तुझ्या डाव्या हातातून कप सांडला, तेव्हा स्वयंपाकघरात वहिनीसमोर तुझी लाज काढणारी मीच. तू फडकं घेऊन फरशी पुसलीस. ते साठ सहस्रांश त्या क्षणी मला आठवले होते. तरी मी बोलत राहिले, कारण गप्प झाले असते तर मला माझंच कबूल करावं लागलं असतं. याची मला इतकी शरम वाटते की आरशात बघवत नाही.

तुझं मूळ वादन मी पुसलेलं नाही. प्रत्येक तुकड्यावर तारीख आहे. सगळ्या आकृत्या छापून घेतल्या, उशिरा पडलेल्या प्रत्येक ठोक्यावर लाल रेघ मारली. एक संच या पत्रासोबत आहे, तो डॉक्टरांना दाखव. दुसरा आज सकाळी वहिनीकडे घेऊन गेले. रेघ म्हणजे काय, तारीख कुठली, ती एकेक विचारत गेली. मी काय लपवलं, तेही सांगितलं. तिने मला जायला सांगितलं. कागद तिने ठेवून घेतले. ती तुझ्याकडे परत येईल का, मला माहीत नाही. माझ्या घरी ती पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे दिसतंय. आपणही टाकू नये असं तुला वाटलं तर मी समजेन. पण माझ्या हातचं, माझ्या सहीचं हे तुझ्यापाशी असायला हवं: तुझा हात आधी गेला, दादा. बाटली नंतर आली. मला हे दोन वर्षं माहीत होतं.

म्हणू देशील तर तुझीच,
धाकटी