वाहतुकीच्या खणातलं धुकं

प्रिय चिऊ,

तुझा अर्ज पोचला. ‘माननीय महोदया’ वाचून आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. सख्ख्या आईला अर्ज करणारी मुलगी आमच्या ग्रंथालयाने आजवर पाहिली नव्हती. धुक्यावरचं तुझं अर्धवट राहिलेलं संशोधन आमच्या डिजिटल संग्रहातून काढून टाकावं, त्यावर तुला तुझं नाव नको, असं तू लिहिलंयस. कारण विचारायची मला मुभा नाही. लेखकाने मागितलं की काढायचं, हा नियम नव्या मंडळींना मीच शिकवते.

तरी तो अर्ज पडद्यावर उघडा ठेवून मी इतर कामं उरकत बसलेय. सध्या आमचा संग्रह देशोदेशींच्या खुल्या संशोधन-संग्रहांशी जोडायचं काम चाललंय. प्रत्येकाची विषयांची नावं वेगळी, त्यामुळे आमच्या एकेका विषयासाठी त्यांच्याकडचं स्थळ शोधायचं आणि जोडी जमवायची. उतारवयात मी वधूवर सूचक मंडळ चालवतेय म्हण ना. आता रोज पहाटे त्यांचं यंत्र आमच्या यंत्राला विचारतं, नवीन काय आलंय, आणि आमचं निमूटपणे सगळं सांगतं. त्या वेळी मी अंथरुणात अर्धवट जागी असते. वाटतं, कुठेतरी खूप दारं आवाज न करता उघडतायत, पांढुरक्या उजेडातून माणसं आतबाहेर करतायत, आणि त्यांच्यात तूही आहेस, कानटोपी घालून, रस्त्यावर ओणवी होऊन काहीतरी मोजत. हाक मारावीशी वाटते, पण तू कामात असतेस.

एक गंमत झाली. ग्रंथालयातले आमचे मास्तर तुला आठवत असतील, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत फिरणारे. जोड्या जमवताना त्यांनी तुझं धुकं हवामानात घालायच्या ऐवजी ‘रस्ते आणि वाहतूक’च्या खणात घातलं. तुझ्या नोंदींत जिथे तिथे वळणं, कठडे आणि मैलाचे दगड आहेत, त्यांचा तरी काय दोष! मला कळेपर्यंत ती नोंद सगळीकडे पोचली होती. मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

आणि मग परवा एका बाईंचा निरोप आला. दूरच्या कुठल्याशा डोंगरातला रस्ता त्या सांभाळतात. हवामानाच्या खणात त्या कधी डोकावल्याही नसत्या. धुकं विरताना आधी जमिनीलगत, गुडघ्याइतक्या उंचीवर मोकळं होतं, हे तू लिहिलंयस ना? ज्याला तुझे सर हसले होते, तेच. त्यांनी ते आपल्या रस्त्यावर सकाळी सकाळी जाऊन पडताळून पाहिलं आणि वळणांवरचे दिवे खांबांवरून उतरवून गुडघ्याच्या उंचीवर लावले. शाळेची बस आता तिथून जाते तेव्हा चालकाला रस्त्याची कड दिसते, असं त्या लिहितात. मी ते वाचलं आणि मास्तरांना चहा पाजला. कशाबद्दल ते त्यांना अजून कळलेलं नाही.

तुझा अर्ज मी नाकारणार नाही, चिऊ. आमच्याकडून काढलं की दुसऱ्या पहाटे तो निरोप सगळ्या संग्रहांना जाईल आणि तुझं धुकं तिथूनही विरेल. तू पुन्हा सांगितलंस की त्याच दिवशी मी ते करेन, आई म्हणून कितीही जिवावर आलं तरी. पण त्या बाईंचा एक प्रश्न आहे, आणि त्याच्यासाठी हे पत्र. त्यांच्या रस्त्यावर एक पूल आहे. खाली पाणी, वर धुकं; तिथे दिवे किती उंचीवर लावायचे ते त्यांना ठरवता येत नाहीये, आणि थंडी तोंडावर आलीय. तुझ्या नोंदी आपल्याकडच्या पुलाच्या अलीकडेच थांबतात. पण शेवटच्या हिवाळ्यात तू पुलावर जात होतीस, हे मला ठाऊक आहे. परत आल्यावर तुझे पाय मीच चोळून द्यायची. तिथे काय दिसलं ते तू कधी लिहिलं नाहीस, मला सांगितलंही नाहीस. त्या बाईंना तेवढं कळव. मग म्हणशील तर सगळं पुसून टाकू.

तुझीच,
आई