खाऱ्या टाकीचा स्टँड

४ जानेवारी, रविवार
स्टँडचं माप पक्कं केलं. लांबी चार फूट, रुंदी दीड, उंची अडीच. वर ठेवायची समुद्री माशांची काचेची टाकी आली आहे, समोरच्या खोलीत पोत्यावर ठेवली. खारं पाणी, दगड, वाळू, काच सगळं धरून चारशे किलोच्या वर जाईल. खाली शहाबादी फरशी आहे, झेपेल.
दिवाण मागच्या खोलीत सरकवला. एकट्यानेच. अर्धा तास लागला.
जेवण : सकाळचीच भाकर.

७ जानेवारी
शाळा सुटल्यावर भीमपूरहून बसने आलो तो थेट राजन्ना वेल्डरकडे. स्टँडखाली सम्प येणार म्हणून सांगितलं. इकडे सम्प म्हणजे अंगणात खणलेली पाण्याची टाकी. तो म्हणे फरशी फोडावी लागेल, मिस्त्री बघा. मग वहीत चित्र काढून दाखवलं. वरच्या टाकीतलं पाणी पाइपाने खालच्या छोट्या टाकीत उतरतं, तिथं गाळलं जातं, पंपाने परत वर जातं. बराच वेळ बघत राहिला.
"सर, घर में देखनेवाले कित्ते लोगां?"
"अभी तो एक."
टेप काढून मापं लिहायला लागला.

११ जानेवारी, रविवार
बायकोचा, सुमनचा फोन. लेक पल्लवीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती तीन महिन्यांसाठी. दोन वर्षं होतील आता. आधी नात लहान, मग पल्लवीची नोकरी. चूक कोणाचीच नाही.
टाकीचं आज सांगून टाकलं. शाळेच्या सहलीत विशाखापट्टणमला ती मत्स्यालयातल्या एका काचेपुढून हलतच नव्हती, मुलं बसमध्ये जाऊन बसली तरी. त्याची आठवण दिली. ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"एकदा भरली की हलवता येते का ते?"
म्हटलं, नाही, सगळी मोडावी लागते.
"एप्रिलात तुमी रिटायर. पोरीनं तुमच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली. अन् तुमी तिकडं टाकी बसवून राह्यले."
तुह्यासाठीच तर, असं काहीतरी बोललो.
"माह्यासाठी म्हणू नका."
नात रडायला लागली, फोन ठेवला.

१२ जानेवारी
तिचं बरोबर असेल. पण पुण्यात मी करणार काय? इथं बसस्टँडपर्यंत जाताना दहा जण जयभीम करतात. घरी येऊन कुलूप उघडलं की मात्र...

१७ जानेवारी, शनिवार
स्टँड आला. फजिती. समोर मधोमध एक पाय आहे, माझ्याच चित्रात होता. सम्प तीन फुटांचा, तो आत शिरतच नाही. बाजूंना तिरप्या पट्ट्या, तिकडूनही नाही. राजन्नाने माझ्याकडे बघितलं, मी चित्राकडे. दोघंही हसलो. या खोलीत दोन माणसं हसली त्याला किती दिवस झाले कोण जाणे.
पाय कापून वरचा पाइप जाड घालतो म्हणाला. चहा केला. जायची घाई नव्हती त्याला, बरं वाटलं.

२५ जानेवारी, रविवार
स्टँड परत आला, काळा रंग मारून. नळीत पाणी भरून लेव्हल बघितली. डावा कोपरा जरा खाली, पत्र्याचा तुकडा सारला. राजन्ना, शेजारचे दोघे आणि मी, अशा चौघांनी टाकी वर चढवली. मासे कधी आणता, असं विचारून शेजारी गेले. बघू म्हटलं.
सुमनचा फोन नाही. मीही केला नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
पाइप जोडले. खरी भीती लाइनीची. लाइन गेली की पंप बंद, आणि वरचं पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत खाली उतरत राहणार. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी पाहिजे, नाहीतर खोलीभर पाणी. पाच सेंटिमीटर उतरेल. म्हणजे अठ्ठावीस लिटर. तीनदा गणित केलं. सातवीच्या वर्गालाही घातलं. सहाच मुलं आहेत, दोघांचं बरोबर आलं.
रंग अजून वास मारतो. खिडकी उघडी ठेवली.

८ फेब्रुवारी, रविवार
नळाच्या पाण्याने भरून बघितलं. सांधे गळत नाहीत. पंप लावला. पाणी वर गेलं, वरून खाली आलं. आत काही नाही तरी तासभर बघत बसलो.
मग मुद्दाम बटण बंद केलं. सम्पमध्ये पाणी चढायला लागलं. चढतच राहिलं. टॉवेल घेऊन उकिडवा बसलो होतो. काठाच्या चार बोटं खाली येऊन थांबलं.
कोणाला तरी सांगावंसं वाटलं. सुमनला फोन लावला. ती बागेत होती, नात झोक्यावर. त्या दिवसाचं काही काढलं नाही तिनं. पंप परत चालू केला आणि फोन टाकीजवळ धरला. बराच वेळ ऐकत होती.
"मीठ टाकलं का?"
"नाही. साधंच पाणी आहे."
"मंग थांबा थोडे. येतो मी."
पाहायला येते, की न्यायला, की राहायला, ते बोलली नाही. मी विचारलं नाही. पंप चालू आहे.