मार्थाबाईंचं विचारणं

रविवार, संध्याकाळ. लिंबागणेश

मार्थाबाई आज गेल्या. व्हिसा संपला. चार दिवस देऊळ बघायला म्हणून जर्मनीहून आल्या होत्या आणि आमच्या माडीवर अख्खा हिवाळा राहिल्या.

सकाळी बॅग भरता भरता म्हणाल्या, "अक्का, मी परत आले तर कायमची राहू? अन् इथंच मेले, तर चालंल?"

चालंल? हा शब्द माझ्याकडूनच शिकलेल्या. मी उगंच त्यांच्या कपड्यांच्या घड्या घालत बसले. पुण्याहून पोराचा फोन आला, त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, परकं माणूस, उद्याचं आजारपण. काहून गळ्यात घेती?" त्याचंही खोटं न्हाई. पण सत्तरीच्या बाईला असं विचारावं लागावं? तिकडं कुणीच नसेल का तिचं? मी कधी विचारलंच न्हाई.

बीडच्या स्टँडवर त्या खिडकीशी बसल्या. उत्तर मागितलं न्हाई, नुसत्या हसल्या. गाडी हलली तसं माझ्याच्यानं राहवेना. सोबत चालत ओरडले, "या! पण मरायला न्हाई, राहायला या!"

सगळी एसटी वळून बघायला लागली. त्या तोंडावर रुमाल धरून रडत होत्या.

पोराला उद्या सांगते. चिडला तर चिडू दे.