उतरताना दुखरा पाय आधी

६ जानेवारी २००३, सोम.
नववीच्या मुलींना दुखापतींचा तास. दर जानेवारीत घेते. हा शेवटचा, मेअखेर निवृत्ती. मैदानावर काहीही झालं की सगळ्यांचं एकच, "बाई, लचकलं!" म्हटलं, आजपासून हा शब्द बंद. स्नायूला ताण बसणं वेगळं, हाडाला हाड बांधून ठेवणारा अस्थिबंध दुखावणं वेगळं. सांधा निखळणं वेगळं, हाड मोडणं त्याहून वेगळं. पोटरीत गोळा आला तर पाय ताणा, पाणी प्या, परत मैदानात. बाकी कशालाही आधी चार प्रश्न: आवाज आला का? सूज लगेच की उशिरा? भार टाकता येतो? सांधा दगा देतो? आणि चोळायचं नाही. कोणाची आजी तेलाची वाटी घेऊन आली तरी नाही.

शमीमच्या उजव्या गुडघ्यावर निळ्या खडूनं वाटी काढली, बाजूला अस्थिबंधाच्या रेघा. "बाई, गुदगुल्या!" कप्तान वैदेही म्हणाली, "हलू नको गो, नायतर वाटी मांडीवर जाईल."

आम्ही खडू नव्हे, शाई वापरायचो. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात, हॉस्टेलवर, मैत्रीण कुसुम आणि मी एकमेकींच्या पायांवर हाडं काढून पाठ करायचो. तोंडी परीक्षेला कुसुम पातळाखाली अख्खा सांगाडा घेऊन गेली. शाई आठवडाभर निघाली नाही. हे मुलींना सांगितलं नाही.

९ जाने., गुरु.
खो-खोचा सराव. १९ तारखेला चिपळूणला जिल्हा संघाची निवड. शमीम खुंटाला वळसा घेताना खाली बसली. धावत गेले. "गोळा आला, बाई. पोटरीत." स्वतःच पाय ताणला, पाणी प्यायली, पुढच्या डावाला उभी राहिली. हळूच धावली. नेमकं नाव सांगितलं म्हणून शाबासकी दिली.

हिचे वडील मस्कतला. त्यांनी एकच वर्ष हो म्हटलंय. जूनपासून दहावी, खेळ बंद. ही निवड तिला हवी म्हणजे हवीच. मलाही. इतक्या वर्षांत माझी एक तरी मुलगी जिल्ह्याच्या संघात...

१३ जाने., सोम.
शमीम दोन दिवस गैरहजर. घरी पाहुणे म्हणे. आज आली, सरळ रेषेत पळाली, खुंटाकडे फिरकली नाही. सलवारीला बांगड्याचा वास. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरचा बर्फ लावला असणार. मागच्या मुली खुसखुसत होत्या, "शमीच्या गुडघ्याचं कालवण होणार."

गुडघ्याचं? पोटरी म्हणाली होती ना?

विचारलं. वैदेही बुटाची नाडी बांधायला बसली, बांधलेलीच होती.

१४ जाने., संक्रांत.
मधल्या सुट्टीत जिन्याखाली होते. शमीम उतरत होती. कठडा घट्ट धरून, दर पायरीला उजवा पाय आधी, मग डावा त्याच्या शेजारी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. हे कोणी शिकवत नाही, शरीर आपोआप करतं.

विद्यापीठाच्या सामन्यांच्या वर्षी कुसुम आठवडाभर अशीच उतरायची. मोठ्यानं गात. रेक्टरबाईंनी तोंडाकडे बघावं, पायांकडे नाही म्हणून. बाई बघायच्याही तोंडाकडेच. गळा गोड होता. कुसुम खेळली, आम्ही जिंकलो, ढाल तिनंच उचलली. त्यानंतर मैदान नाही. आज सकाळी तिचा फोन आला होता. "तिळगूळ घे आणि गोड बोल, तुला जमणार नाही, पण बोल." अजून मांडी घालून बसता येत नाही तिला. हसते मात्र तशीच.

शमीमला खोलीत घेतलं. सलवार वर. गुडघ्याची वाटी सुजेत बुडालेली. चार प्रश्न.
आवाज? "टक्. काठी मोडल्यासारखा."
सूज? "घरी पोचेपर्यंत."
भार? "चालताना काय नाय."
दगा देतो? सलवार खाली ओढत, "वळताना."
"मग गोळा का म्हणालीस?"
"गोळा म्हटलं की तुमी परत घेता, बाई. बाकी कशाला घेत नाय."

तासाला सगळ्यांत नीट ऐकत होती ती हीच.

१६ जाने., गुरु.
शमीम आणि तिची आई हमीदाबी, दोघींना घेऊन डॉक्टरांकडे. फोटो काढला. हाड शाबूत. हमीदाबीनं तिथंच दुवा मागितली. "फोटोत काय नाय ना बाई? मग रविवारी जाऊंदे." फोटोत फक्त हाड दिसतं, अस्थिबंध दिसत नाही. दोनदा सांगितलं. डॉक्टरांनी गुडघा वाकवून नडगी पुढे ओढली, सरकली. आतला अस्थिबंध फाटलाय. अर्धा की पूर्ण, ते मुंबईच्या मोठ्या मशीनवर कळेल. तोवर पळणं, वळणं बंद.

बाहेर पायरीवर हमीदाबी म्हणाली, "आमच्यात किती जणांचे गुडघे असेच. कोणी दुखण्याला नाव नाय ठेवलं, परत होडीवर चढले. तुमी नाव ठेवलंत म्हणून पोर बसली."
म्हटलं, "यादीतून नाव मी कापते. शिव्या मला द्या."
"देणारच," म्हणाली. आणि रिक्षात मला आधी बसवलं.

१९ जाने., रवि.
चिपळूण. शमीमला नेलीच, प्रथमोपचाराची पेटी तिच्या मांडीवर. जाताना एस.टी.त पेटीचं झाकण उघडत-मिटत राहिली. दुपारी दुसऱ्या शाळेच्या मुलीचं बोट वाकडं झालं. त्यांचे सर बोट ओढून बसवायला निघाले. आमच्या बाकावरून किंकाळी, "ओढू नका सर! निखळलंय की मोडलंय, ठाऊक आहे का?"
सर माझ्याकडे वळले. "ही कोण?"
"आमच्या डॉक्टरीणबाई."
पट्टी शमीमनं बांधली. नीट बांधली.

वैदेहीची निवड झाली. टाळ्या वाजवताना शमीमचे हात सर्वांत वर. परतीला खिडकीकडे तोंड करून रडली. रडू दिलं. संगमेश्वर मागे पडल्यावर आपणहून म्हणाली, "पेटीतली चिकटपट्टी संपलीय, बाई."

२१ मार्च, शुक्र.
मुंबईला जाणं अजून झालेलं नाही. मामा मेमध्ये नेणार. शमीम घोट्याला वाळूची पिशवी बांधून रोज व्यायाम करते, न सांगता. आज हमीदाबीनं घरी बोलावलं. शुक्रवारी दुपारी मस्कतचा फोन येतो. रिसीव्हर माझ्याच हातात दिला.
"सलाम बाई. पोरगी दहावीतपण खेळूचं म्हणते. मी नाय म्हणणार होतो. पण तुमी तिला बसवलीत, तेव्हा कळलं मला, तुमाला खेळापेक्षा पोर मोठी. तर आता तुमीच सांगा. गुडघा बरा म्हणालात तर एक मोसम खेळूंदे. नाय म्हणालात तर नाय."
म्हटलं, उन्हाळ्याची सुट्टी लागली की सांगते. पडद्याआडून शमीम ऐकत होती. पाय दिसत होते.

कुसुमला फोन केला. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "तेव्हा मला कोणी बसवलं असतं ना, तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं." आणि लगेच, "आज पाहिलं असतं." मग आमच्या मेसमधल्या आमटीवर घसरली. पुढचं सगळं आमटीबद्दलच.

२४ एप्रिल, गुरु.
शाळेचा शेवटचा दिवस. माझाही, वर्गांपुरता. उद्या मस्कतचा फोन, उत्तर द्यायचंय. शमीमचा गुडघा तपासला. सूज नाही. उकिडवी बसते, एका पायावर उभी राहते. वळून पळायला लावलं नाही. डॉक्टरांनी मना केलंय हे खरं. धीरही झाला नाही, माझा.

म्हणून घंटा झाल्यावर जिन्याखाली जाऊन उभी राहिले. लक्ष नसताना माणूस जसा उतरतो, तेच खरं.

मुली भराभरा उतरल्या. शमीम शेवटी, वरच्या पायरीवर. मला पाहिलं. मी काय बघतेय, ते तिला कळलं, मीच शिकवलंय. क्षणभर थांबली. मग दप्तर पोटाशी धरलं, लाकडी कठड्यावर बसली आणि सुर्रकन थेट माझ्यापुढे. दोन्ही पाय हवेत.

"शमीम!"

"उतरले की, बाई!"