कौल येण्याआधी

ती. वन्संना,
शि. सा. न.

अक्षयाचं दूध तोडावं का, म्हणून तुम्ही देवीला कौल लावलात. मूर्तीला लावलेली उजवी कळी पडली, म्हणजे होकार. दूध सोडलं की ऑटिझमची मुलं बोलतात, असं तुम्ही ऐकलं होतं. माझ्या लेकीने बोलावं असं मला वाटत नाही का? पण ती दूधभाताशिवाय काही खातच नाही. दूध बंद केल्यापासून गाल पार बसले तिचे.

यावरचं संशोधन मी इंटरनेटवर शोधलं. सारांश तेवढा फुकट, पुढे पैसे. शेवटी भीतभीत ते संशोधन करणाऱ्या बाईंनाच ईमेल केला. त्यांनी अख्खा लेख तसाच पाठवला. शब्दकोश घेऊन दोनदा वाचला. दूध तोडून मुलांत काही फरक पडला नव्हता.

पण कौल मोडायचा कसा? गुरवकाकांना विचारलं.

"अगो, मोडतेस कशाला? नवीन कळलंय ना, मग नव्याने विचार. देवी काय रागवत नाय."

तुम्हाला फोन करून एवढंच सांगेन, की सोमवारी या, पुन्हा कौल लावू. हे पत्र मात्र पाठवणार नाही. कारण देवीला विचारायच्या आधीच आज मी अक्षयाला दूधभात भरवला. दोन वाट्या खाल्ल्यान.

तुमची,
दर्शना