हरवलेला नसलेला अर्ज

प्रिय धाकट्या,

कोर्टाने सोडलं तरी परवाना का देत नाहीत, म्हणून आज तू वाहन कार्यालयात आदळआपट करून आलास म्हणे. वकीलबाईंनी तुला तीनदा समजावलं, मी चारदा, पण पालथ्या घड्यावर पाणी. आता लिहूनच देते. पिऊन गाडी चालवल्याचा खटला कोर्टात होता, तिथे प्रश्न शिक्षेचा. परवान्याचं प्रकरण वाहन कार्यालयात, तिथे तुझ्या हाती गाडी द्यावी का, एवढंच बघतात. एकाचा निकाल दुसऱ्याला चालत नाही. आणि कोर्टातून तू सुटलास तो श्वास तपासायच्या यंत्राच्या चुकीमुळे. प्यायला होतास हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

परवान्याच्या सुनावणीसाठी अटकेपासून दहा दिवसांत अर्ज द्यायचा होता, नाहीतर परवाना वर्षभर बंद. नवव्या दिवशी तू सही करून तो माझ्या हातात कोंबलास. तुझे फॉर्म जन्मभर मीच भरत आले ना. शाळेचा, नोकरीचा, लग्नाच्या नोंदणीचासुद्धा. तुझी बायको म्हणते, संसारही ताईंनीच केला असता तर बरं झालं असतं. बेकरीची गाडी चालवायला मिळाली नाही तर मालक तुला काढून टाकेल, हे मला कळतं. त्या काळजीने मलाही झोप नाही.

पण अर्ज आलाच नाही असं सांगणाऱ्या खिडकीवरच्या कारकुनाला, त्यानेच तो हरवला म्हणून तू चोर ठरवलंस, उद्या त्याच्याविरुद्ध तक्रार देणार आहेस, म्हणून हे पत्र. समोर बोलायला आले असते तर तू रडला असतास आणि मी विरघळले असते. अर्ज हरवलेला नाही. माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. दहाव्या दिवशी मी रांगेत उभी होते, पुढे दोनच माणसं. वेळ जावा म्हणून सोबत जोडलेला पोलिसांचा अहवाल वाचला. तुला पकडलं त्या दुपारी तू माझ्या लेकीला पोहण्याच्या वर्गाहून आणत होतास, एवढंच मला माहीत होतं. तिने पोलिसाला काय सांगितलं, ते तू मला कधी सांगितलं नाहीस. ‘मामाच्या अंगाला येणारा वास माझ्या खोकल्याच्या औषधाचा आहे, ते माझ्या हातून सांडलं,’ असं ती म्हणाली होती. आठ वर्षांची पोर, धाकट्या. तुझं निस्तरायला ती माझ्याकडे बघून शिकली. मी रांगेतून बाहेर पडले. उद्या जाऊन त्या कारकुनाची माफी माग. सोबत मी येणार नाही.

तुझीच,
ताई